चालत ये अन् लेक घे

सूज

बाळंतिणीला सूज येतेच, असं मला सगळ्यांनी सांगितलं. सासूबाईंनी सांगितलं, शेजारणीने सांगितलं, माझ्या आईने फोनवर सांगितलं. पायांतली जोडवी रुतायला लागली तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, विमलताईंनी, साबण लावून ती काढली आणि म्हणाल्या, "पानी उतरलं पायात. जाईन आपोआप." माझी मुलगी यशोधरा तेव्हा जेमतेम दीड महिन्याची होती.

मी संगीता. तेलंगणात, नार्नूरच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात मराठी शाळेवर शिकवत होते. मिलिंद, माझे पती, उटनूरला सरकारी कचेरीत कारकून आहेत. घरात भासरे, म्हणजे मिलिंदचे थोरले भाऊ, आणि विमलताई, सासूबाई, आम्ही दोघं. भासरे शेती बघायचे, विमलताई घर आणि म्हैस. त्यांना मूलबाळ नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि त्या विषयावर घरात कोणी बोलत नसे, फक्त सासूबाई बोलत.

सुजेनंतर खोकला आला. मग आडवं पडणं बंद झालं. पाठ टेकली की पाण्यात बुडाल्यासारखं वाटायचं. मी भिंतीला कपाळ लावून बसल्या बसल्या डुलकी काढायची. सासूबाई म्हणायच्या, "पोरगी झाली म्हून तोंड पाडून बसली. झोपत काऊन नाई?" मी म्हणायची, "दम लागते." त्या म्हणायच्या, "आमाले नाई लागला कधी."

एका सकाळी पाजता पाजता माझे हात सुटले. यशी मांडीवरून घसरली. विमलताई समोरच तांदूळ निवडत होत्या, त्यांनी तिला जमिनीला लागू दिलं नाही. सूप उलटं झालं, तांदूळ घरभर. माझ्या ओठांचा रंग बघून त्याच ओरडल्या, "गाडी बोलवा!" त्या दिवशी मी मेले नाही ती त्यांच्यामुळे. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहायचं आहे ते वाचताना तुम्ही हे विसराल.

निदान

आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात छातीवर थंड जेल लावून एक तरुण डॉक्टर पडद्याकडे बघत होता. बराच वेळ बघितलं, मग दुसऱ्याला बोलावलं. दोघं तेलुगूत बोलू लागले. मी मराठी बाई, मला काय कळणार, असं त्यांना वाटलं असावं. पण आमच्याकडे मास्तर व्हायचं तर तेलुगू यावंच लागतं.

"गुंडे चाला वीक उंदी," एक म्हणाला. हृदय फार कमजोर आहे.

दुसऱ्याने विचारलं, बाळ केवढं आहे. पहिल्याने सांगितलं. दुसऱ्याने जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं.

माझं निदान मी असं चोरून ऐकलं. बाळंतपणात काही बायकांचं हृदय फुगतं, पातळ होतं, रक्त पुढे ढकलायचं त्याच्याने होत नाही, मग पाणी पायात आणि फुप्फुसात साचतं, हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की माझ्या मुलीची दोन अनोळखी पुरुषांना कीव आली.

बाहेर मिलिंदना त्यांनी हिंदीत सगळं सांगितलं. दाराला फट होती. "उम्मीद कम है," हे मी ऐकलं. मग मिलिंद आत आले, माझ्या पायांशी बसले आणि म्हणाले, "काई नाई, थोडी कमजोरी हाय म्हनते."

मी म्हटलं, "बरं."

आजही मला वाटतं की त्यांनी खरं सांगायला हवं होतं. माणसाला आपल्या मरणाबद्दल खोटं ऐकावं लागलं की ते एकटं पडतं. तुमच्या घरात कोणी असं पडलं असेल तर एवढं ध्यानात घ्या.

उश्या

शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाची बाई होती, नेरडीगोंड्याकडची. तिलाही बाळंतपणानंतर हेच झालं होतं. आम्ही दोघी समोरासमोर बसून दम टाकायचो. बोलायला श्वास पुरायचा नाही, म्हणून हाताने बोलायचो. तिच्याकडे घरच्या दोन उश्या होत्या. माझ्याकडे एकच होती. या आजारात उशी म्हणजे काय असतं ते ज्याला झालं त्यालाच कळेल. एक उशी जास्त असली की पाण्याच्या वर थोडं डोकं राहतं.

एका दुपारी ती गेली. तिच्या सासूने सामान आवरलं, पितळी डबा, चादर, बाळाचं झबलं. जाताना त्या दोन्ही उश्या माझ्या खाटेवर टाकल्या. "तुमाले कामी येतीन," म्हणाली. त्या अजून कोमट होत्या.

मी त्या पाठीशी लावल्या आणि कित्येक आठवड्यांनंतर पहिल्यांदा सलग झोपले. मला घाण वाटली नाही. रडूही आलं नाही. तिथली मोठी नर्स माझं जड तेलकट डोकं सरळ करत "मेल्लगा, मेल्लगा" म्हणायची, म्हणजे हळू, हळू. दवाखान्यातले माझे सुखाचे क्षण एवढेच, मेलेल्या बाईच्या उश्या आणि तो शब्द.

दूध

माझ्या औषधांमुळे पाजायचं बंद करावं लागलं. दूध आटवायची गोळी दिली. तरी ते येत राहिलं. छाती कापडाने आवळून बांधली होती आणि यशी वऱ्हांड्यात विमलताईंच्या खांद्यावर भुकेने किंचाळत होती. तिचा आवाज आला की कापड भिजायचं. हृदय चालत नव्हतं, पण दूध बरोबर चालू होतं.

चार-पाच दिवसांनी विमलताई खाटेजवळ आल्या. "मी नेतो हिले घरी," म्हणाल्या. "इथं काय काय रोगाचे लोक हायेत. डब्याचं दूध पाजन. तू काळजी नको करू."

मी मान हलवली. त्यांनी यशीचं टोपडं नीट केलं आणि निघाल्या. दारापाशी त्यांनी तिचा मुका घेतला. माझ्याकडे वळून बघितलं नाही.

घर

मी घरी आले ती जगायला आले, असं कोणी धरलं नव्हतं. मला मधल्या खोलीत खाट दिली. जेवण अळणी. पाणी मोजून, एका बाटलीत सकाळी भरून ठेवायचं, संपलं की संपलं. आदिलाबादच्या उन्हाळ्यात समोर माठ आणि तोंडाला कोरड, हे काय असतं ते सांगून कळणार नाही. मी ओला रुमाल चोखायची.

भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं, सगळं ऐकू यायचं. सासूबाई एकदा मिलिंदना म्हणाल्या, "हे काई राहत नाई. तू आतापासून दुसरी पाह्य. पोरगी विमलपाशीच वाढन, थे बरं झालं." मिलिंदनी ताटात भाकरी मोडल्याचा आवाज आला. त्यांनी 'आई, गप बस' एवढं म्हटलं असतं तर मी त्यांना पुढचं सगळं माफ केलं असतं.

यशी विमलताईंच्या खोलीत झोपायची. तुझ्या खोकल्याने उठते, म्हणाल्या. खरं होतं. मग तुझ्या गोळ्या खाली पडतील, तोंडात घालील, म्हणाल्या. तेही खरं होतं. प्रत्येक वेळी कारण खरं असायचं. मला तिला उचलता येत नव्हतं. माझे दंड काड्यांसारखे झाले होते, मांडीचं मांस हाताने बाजूला करावं असं लोंबायचं. ती वाढत होती आणि मी वाळत होते.

आमच्याकडे मोठ्या काकूला मोठीमाय म्हणतात. यशी बोलायला लागली तेव्हा तिला 'मोठी' म्हणता आलं नाही. ती विमलताईंना नुसतं "माय" म्हणाली. घरभर कौतुक झालं. सासूबाईंनी तिच्यावरून बोटं मोडली. मला ती "गीता" म्हणायची, कारण सगळे मला संगीता म्हणून हाका मारायचे.

नागपूर

औषधांनी सूज उतरली. मेले नाही हे बघून माझ्या आईने हट्ट धरला आणि मिलिंद मला नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. हायवेने पैनगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र. बसमध्ये मी खिडकीशी बसून सगळा वेळ स्वतःची नाडी बघत होते.

तिथे त्यांनी मला एका लांब वऱ्हांड्यात चालायला लावलं. बोटाला चिमटा, बाजूला घड्याळ घेतलेली मुलगी. ठरलेल्या वेळात जितकं जमेल तितकं चालायचं, थांबलात तरी चालेल. मी शाळेत असताना कबड्डी खेळलेली बाई. थोडं चालले आणि भिंत धरली. पुन्हा निघाले, पुन्हा भिंत. काठी टेकत चाललेले एक म्हातारबाबा माझ्या पुढे गेले, वळून आले, परत पुढे गेले. दुसऱ्या खेपेला जाताना त्यांनी विचारलं, "बसता का?" मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं.

डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, "हृदय औषधांनी थोडं सावरतंय. पण आता तुम्हाला फक्त हृदय थांबवत नाहीये. पडून पडून तुमचे स्नायू गेलेत. पायांत बळ नाही, म्हणून दम लवकर लागतो. दम लागतो, म्हणून तुम्ही पडून राहता. हे कुठेतरी तोडावं लागेल."

त्यांनी रोज चालायला सांगितलं, बसून वाळूच्या पिशव्या उचलायला सांगितलं. आणि एक डबा लिहून दिला. प्रथिनं ज्या बारीक घटकांची बनतात, त्या अमिनो आम्लांची भुकटी. माझे मूत्रपिंडाचे रिपोर्ट बघूनच दिली. दुकानातून आपल्या मनाने कोणी घेऊ नये, हे त्यांनी दोनदा सांगितलं, म्हणून मीही इथे सांगते.

"याने चालता येईन?" मी विचारलं.

"मदत होईल अशी आशा आहे," त्या म्हणाल्या. "काहींना होते, काहींना नाही. चालायचं तुम्हालाच."

मी मात्र डबा देवाच्या मूर्तीसारखा मांडीवर घेऊन गावी आले. आमच्या घरात मूर्ती नाही, तरी.

चालत ये

भुकटी खडूच्या पुडीसारखी होती. पाण्यात नीट विरघळायची नाही, चव कडूजहर, आणि प्यायल्यावर बराच वेळ घशात औषधाचा वास राहायचा. डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवला होता. माझा हात तिथे पोचत नव्हता, पोचला तरी उभं राहवत नव्हतं. विमलताई म्हणाल्या, "मी देत जाईन कालवून."

पहिल्या दिवसांत मी तोंड वाकडं करून प्यायची. मग एक दिवस पेला गोड लागला, वेलदोड्याचा वास.

"कडू लागते म्हून टाकली वेलची," त्या म्हणाल्या. "दुधात कालवली."

मला इतकं भरून आलं. आजारी माणसाला कोणी मागितल्याशिवाय एवढंसं काही केलं की तो पाय धरायला तयार होतो. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो पदराला पुसत काढून घेतला.

चालायला मला जागा एकच होती, आमच्या ओट्यापासून बुद्धविहारापर्यंतची गल्ली. पहिल्या दिवशी मी शेजारच्या दारापर्यंत गेले आणि दगडावर बसले. विमलताई यशीला कडेवर घेऊन पुढे चालत होत्या. त्या विहाराच्या पायरीवर जाऊन बसल्या.

"ताई, आणा तिले इकडं," मी म्हटलं.

"तूच ये," त्या तिथूनच म्हणाल्या. "चालत ये अन् लेक घे. मी काई आनून देत नाई."

गल्लीतल्या बायका हसल्या. मला वाटलं, ह्या मला हुरूप देतायत. उठले, चार दारं गेले, डोळ्यांपुढे अंधार आला, बसले. तोवर यशीला भूक लागली आणि त्या तिला घेऊन माझ्या बाजूने घरी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. आठवडा गेला तरी तेच. मी थोडी पुढे गेले की त्या उठायच्या. एकदा मी अगदी जवळ पोचले, हात पुढे केले, तर त्या यशीला घेऊन विहाराच्या मागे पिंपळाखाली जाऊन बसल्या. "आता इथपर्यंत," म्हणाल्या. बायका आता हसत नव्हत्या. मी रागाने चालले. दम लागत होता, घाम पाठीवरून वाहत होता, आणि मी मनात त्यांना शिव्या देत पाय उचलत होते. पिंपळापाशी पोचले. यशीने माझ्याकडे बघितलं आणि "माय" म्हणत त्यांच्या मानेत तोंड खुपसलं.

"पाह्य," विमलताई म्हणाल्या. "येतच नाई तुह्याकडं."

पावसाळा गेला, कापूस फुटला. मी पिंपळाच्याही पुढे, शाळेपर्यंत जाऊ लागले. दंडाला थोडं मांस धरलं. रोज सकाळी वेलदोड्याचा पेला प्यायचा, बसून वाळूच्या पिशव्या उचलायच्या आणि चालायचं. डबे संपत होते, मिलिंद नागपूरहून नवे आणत होते. मी सगळ्यांना सांगायची, भुकटीने गुण आला.

कडू

त्यानंतरच्या नागपूरच्या खेपेला मी त्याच वऱ्हांड्यात भिंत न धरता चालले. घड्याळवाली मुलगी माझ्यासोबत भरभर येत हसत होती. डॉक्टरांनी छातीची तपासणी केली, हृदयही आधीपेक्षा बरं होतं. पूर्ण नाही, होणारही नाही कदाचित. पण बरं.

आहाराच्या खोलीत एक नवे पेशंट बसले होते, गोंदियाकडचे शेतकरी. समोर तीच भुकटी कालवलेला पेला, आणि ते प्यायला तयार नव्हते. आहारतज्ज्ञ मुलगी मला म्हणाली, "ताई, तुम्ही सांगा यांना. तुम्ही किती महिने घेताय. होते ना सवय?"

"कडू कुठं लागते," मी म्हटलं. "चांगली गोड लागते."

ती चमकली. "गोड? ही गोड कशी लागेल?"

"दुधात घेतो. वेलची टाकून."

"कशातही घ्या, कडू लागतेच ही. चव झाकतच नाही." तिने दुसऱ्या पेल्यात थोडी कालवून माझ्यापुढे केली.

मी घोट घेतला. कडूजहर. तो घशातला वास. पहिल्या दिवसांतली ती चव, जी मी विसरून गेले होते.

शेतकरी माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पेला संपवला आणि त्यांना म्हटलं, "घ्या. होते सवय."

मग मी डॉक्टरांकडे परत गेले. मिलिंद गोळ्या घ्यायला खाली गेले होते. मी सांगितलं की मी कित्येक महिने ही भुकटी प्यायलेच नाही, मला काय पाजलं ते ठाऊक नाही. त्यांनी माझी फाइल पुन्हा उघडली.

"मग मी चालले कशानं?" मी विचारलं.

"औषधांनी. रोज चालल्याने. घरचं वरण, अंडी, दूध, ते खात होतात ना?" त्यांनी चष्मा काढला. "भुकटी मिळाली असती तर आणखी बरं वाटलं असतं का, ते मी सांगू शकत नाही. नाही मिळाली म्हणून तुमचं काही बिघडलं, असंही म्हणता येणार नाही. पण घरात कोण आहे तुमच्या? ते आधी बघा."

म्हैस

विमल गोठ्यात होती. इथून पुढे मी तिला 'त्या' म्हणणार नाही.

ती म्हशीपुढे सरकीची ढेप कालवत होती. यशी तिच्या मागे चिखलात काडी घेऊन खेळत होती. मी सरळ विचारलं, "ताई, भुकटी कुठं गेली माझी?"

तिने हात थांबवला नाही. मला वाटलं होतं, नाकारेल, रडेल. ती म्हणाली, "म्हशीले घातली."

"अन् मले काय देऊन राह्यल्या होत्या?"

"तांदळाची पिठी. भाजून. साखर टाकून. चांगलीच होती, वाईट काई नाई दिलं."

"काऊन?"

आता ती उभी राहिली. हाताला ढेप लागलेली. "काऊन म्हनजे? डाक्टर म्हनला होता तू मरतं. तुह्या नवऱ्यानं येऊन सांगितलं आमाले. माझ्या हातात पोरगी देली. मी रात्रंदिवस केलं तिचं. हागलं-मुतलं काढलं. तू मरनार म्हून मी तिले माझी म्हटली. अन् तू मरेना. दर महिन्याले जरा बरी, जरा बरी. मंग डबा आला, तुले घोड्यासारखी करनारा. मी काय माझ्या हातानं पाजू तुले?"

"माझी लेक हाय थे."

"तुही हाय, तर हाक मार," विमल म्हणाली. "पाह्य येते का."

मी हाक मारली नाही. तिने दूध काढायचं भांडं धुतलं आणि आत गेली. यशी काडी टाकून तिच्यामागे पळाली. म्हैस ढेप खात होती. तिची कातडी चकाकत होती.

संध्याकाळी मी मिलिंदना सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाल्या तेही. माझी चूक एवढीच झाली की तेही सांगितलं. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मंग झालं तर," ते म्हणाले. "नुकसान तर काई झालं नाई ना? कायले वाढवतं? वयनीनं पोरीचं किती केलं."

सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "चालत तर तिनंच केलं हिले. नाई तर पडून राह्यली असती."

यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच माझ्या सगळ्यात जिव्हारी लागलं. माझ्या मांड्यांत जे बळ आलं होतं ते त्या गल्लीतून आलं होतं, माझी लेक जिने आमिषासारखी माझ्यापुढे धरली होती तिच्यामागे चालून. विमलला वाटलं होतं, मी मध्येच बसून राहीन. पिंपळाखाली नेलं ते मला दमवायलाच. पण मी पोचत गेले. भुकटी तिने म्हशीला घातली आणि मला बरंही तिनेच केलं, मनात नसताना. या गोष्टीचं मी काय करू? तिचे आभार मानू?

जिना

मी उटनूरच्या शाळेवर बदली मागून घेतली. मिलिंद नाही म्हणाले. मी म्हटलं, मी यशीला घेऊन चालले, तुमी यायचं तर या. ते आले, आठ दिवस घुम्यासारखे राहून. मी खोली मुद्दाम वरच्या मजल्यावर घेतली. रोज जिना चढायचा होता मला.

निघायच्या दिवशी यशीने विमलचा पदर धरला. मी तिची बोटं सोडवली. एक सुटलं की दुसरं घट्ट व्हायचं. भासरे तोंड फिरवून उभे राहिले. मग मी तिला काखेत हात घालून उचललं. तान्ही असताना माझ्या हातून सुटली होती, त्यानंतर इतकी उंच मी तिला पहिल्यांदा उचलली. तिने माझ्या खांद्याला चावा घेतला, दात कपड्यातून रुतले. माझ्या छातीवर लाथा मारत ती "माय, माय" करत होती, आणि मला दम लागला नव्हता. मला त्याही क्षणी त्याचा आनंद झाला.

विमल जीपपर्यंत आली. रडली नाही. "सकाळी उठल्यावर पयले पानी नको देऊ तिले," म्हणाली. "रडते. दूध दे."

मी जीपचं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यशीला आधी पाणी दिलं. ती रडली. तिसऱ्या दिवशीही मी पाणीच दिलं. काही दिवसांनी ती पाणी पिऊ लागली.

विमलचे फोन यायचे. मिलिंद बाहेर जाऊन बोलायचे. यशीच्या कानाला फोन लावायचा नाही, एवढं मी त्यांना बजावलं होतं. महिनाभर ती उंबऱ्यात बसून जिन्याकडे बघायची. कोणी वर येताना वाजलं की उठायची. मग बघायची कमी झाली. मी तिला रोज सांगायची, मी आई. ती "गीता" म्हणायची आणि मी ओ द्यायची नाही. शेवटी तिला पाणी हवं होतं, भूक लागली होती, आणि तिने "आई" म्हटलं. मी असं मिळवलं ते.

तुमच्यापैकी कोणाला हा आजार झाला असेल तर मला सांगायचं आहे ते थोडकं आहे. गोळ्या कधी थांबवू नका, बरं वाटलं तरी. मीठ सोडा. वजन एकाएकी वाढलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डॉक्टरांना विचारून रोज चाला, शेजारच्या दारापर्यंत का होईना. भुकटी मी आता स्वतः कालवून घेते, कडूच. तिने किती बळ येतं, मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही येत नाही. दुसरं मूल मला होऊ द्यायचं नाही. सासूबाईंना हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. या आजारातून माणूस वाचतं, पण आधी होतं तेच माणूस वाचतं असं नाही.

सीताफळं

गेल्या सीताफळांच्या दिवसांत विमल आली. न सांगता. जिन्यावर पावलं वाजली, मी दार उघडलं तर ती. हातात फळांची पिशवी, केस बरेच पिकलेले.

"जवळच आलो होतो बाजाराले," म्हणाली. "म्हटलं, भेटावं."

मी तिला आत घेतलं. पाणी दिलं. यशी माझ्या मागे लपून माझी साडी धरून बघत होती. बालवाडीतून नुकतीच आली होती, गळ्यात पाण्याची बाटली तशीच.

"वळखलं नाई का वं, माय?" विमल म्हणाली. हात पुढे केले. "ये. तुही मोठीमाय."

यशीने माझ्याकडे बघितलं. मी काहीच केलं नाही. 'जा' म्हटलं नाही, 'नको' म्हटलं नाही.

"नको," यशी म्हणाली.

विमलचे हात तसेच थोडा वेळ पुढे राहिले. मग तिने ते पिशवीत घातले, एक पिकलेलं फळ काढून फरशीवर ठेवलं, यशीच्या दिशेने थोडं सरकवलं. यशी हलली नाही. पाण्याचा पेला तसाच राहिला. "बस चुकन माझी," विमल म्हणाली आणि उठली.

मी दारात उभी राहून तिला उतरताना बघितलं. कठड्याला धरून, एकेक पायरी. मला वाटलं होतं, मला वाईट वाटेल. मी त्याची वाट बघत उभी राहिले. खाली रस्त्यावर ती एकदा थांबली, वर बघेल असं वाटलं, पण तिने पदर सारखा केला आणि बसस्टँडकडे चालू लागली.

यशी फळ हातात घेऊन माझ्यापाशी आली.

"आई, थे कोन होती?"

"पावनी," मी म्हटलं, आणि दार लावलं.